खिडक्या मिटल्या तरी प्रोग्रॅम जागाच

मी लिहिलेल्या एका प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकायला गेलो तर इन्स्टॉलर अडून बसला. म्हणे, फाइल वापरात आहे. स्क्रीनवर तर एकही विंडो नव्हती. टास्क मॅनेजर उघडला आणि त्यात माझ्याच प्रोग्रॅमच्या ११ प्रोसेस निवांत बसलेल्या दिसल्या. वापरणाऱ्याने दिवसभरात ११ वेळा प्रोग्रॅम उघडला होता, ११ वेळा फुलीवर क्लिक करून बंद केला होता आणि दरवेळी एक भूत मागे राहिलं होतं.

चूक दहा मिनिटांत सापडली, ओशाळलेपण मात्र बराच वेळ टिकलं. सुरुवातीला लॉगिनची विंडो यायची. पासवर्ड बरोबर असला की मी तिला लपवायचो आणि मुख्य विंडो उघडायचो. विंडोज फॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये विंडो बनवायचं साधन) नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्रॅम ज्या विंडोवर सुरू झाला, ती बंद झाली की संपतो. माझ्याकडे ती विंडो म्हणजे लॉगिनची. आणि ती कधी बंद झालीच नव्हती, नुसती दिसेनाशी झाली होती. वापरणारा मुख्य विंडो बंद करून उठून जायचा. लपलेली लॉगिनची विंडो मात्र तिच्या फुलीवर कोणी क्लिक करण्याची वाट बघत बसायची. दिसतच नसलेल्या फुलीवर. दुरुस्ती सोपी होती: लॉगिन आधी डायलॉग म्हणून दाखवायचा, त्याचं उत्तर घेऊन तो मोडून टाकायचा आणि मग प्रोग्रॅम मुख्य विंडोवर सुरू करायचा.

ही चूक नवशिक्याची वाटते, पण तिच्या मुळाशी असलेला गोंधळ अनुभवी लोकांच्या कोडमध्येही सर्रास दिसतो. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये तीन वेगळ्या गोष्टी चालू असतात. एक प्रोसेस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या वहीतली नोंद: मेमरी, उघडलेल्या फाइली, थ्रेड (तिच्या आत समांतर चालणारी कामं), सगळं तिच्या नावावर. तिच्या आत फिरत असतो इव्हेंट लूप. माऊस हलला का, कीबोर्डवरची की दाबली का, विंडो पुन्हा रंगवायची आहे का, असं तो सतत विचारत राहतो आणि जे आलं ते योग्य त्या विंडोकडे पाठवतो. तिसरी गोष्ट विंडो. वापरणाऱ्याला दिसते ती एवढीच, म्हणून विंडो गेली की प्रोग्रॅम गेला असं तो समजतो. प्रत्यक्षात विंडो गेली म्हणून लूप थांबतोच असं नाही आणि लूप थांबला म्हणून प्रोसेस संपतेच असंही नाही. हे दोन्ही दुवे प्रोग्रॅमरने स्वतः जोडायचे असतात, किंवा आपण वापरतो त्या टूलकिटने (विंडो, बटणं वगैरे तयार देणाऱ्या संचाने) ते कसे जोडलेत हे माहीत तरी असावं लागतं.

फुलीवर क्लिक म्हणजे विनंती

फुली दाबल्यावर काय होतं ते विंडोजमध्ये एकदा सावकाश चालवून पाहू. क्लिक झाला की विंडोला 'डब्ल्यूएम क्लोज' नावाचा मेसेज येतो. या क्षणी विंडोला काहीही झालेलं नसतं. मेसेजचा अर्थ एवढाच की कोणीतरी तुला बंद हो म्हणतंय, तुझं काय म्हणणं आहे? प्रोग्रॅमने या मेसेजकडे लक्ष दिलं नाही तर तो सिस्टिमच्या ठरलेल्या हाताळणीकडे जातो, आणि ती हाताळणी 'डिस्ट्रॉय विंडो' हे फंक्शन बोलावते. इथून पुढे माघार नाही. विंडोला 'डब्ल्यूएम डिस्ट्रॉय' हा मेसेज येतो आणि तो विचारणा करत नाही, फक्त कळवतो. तू मोडली जात आहेस, काय आवरायचं ते आवरून घे.

आता लूप थांबवायचा कोणी? तेही आपणच. मुख्य विंडोच्या डिस्ट्रॉय मेसेजमध्ये 'पोस्ट क्विट मेसेज' हे फंक्शन बोलवायचं. मग रांगेतले बाकीचे मेसेज संपले की लूपला 'डब्ल्यूएम क्विट' मिळतो, मेसेज आणणारं 'गेट मेसेज' शून्य परत करतं आणि लूपमधून बाहेर पडता येतं. ही एक ओळ विसरली की विंडो व्यवस्थित नाहीशी होते आणि लूप रिकाम्या घरात बेलची वाट बघत बसून राहतो. माझ्या ११ भुतांचा हाच दुसरा अवतार.

याच फंक्शनचा एक बारीक खोडसाळपणा आहे. 'गेट मेसेज' चूक झाल्यास शून्य न देता उणे एक देतं. कोणी हौसेने त्याला 'फक्त याच विंडोचे मेसेज दे' असं सांगितलं असेल आणि ती विंडोच मोडली गेली असेल, तर ते दरवेळी उणे एक देत राहतं. शून्य नाही म्हणजे चालू ठेवा, असं लिहिलेला लूप मग थांबायचं नाव घेत नाही. विंडो नाही, आणि प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण क्षमतेने राबतोय. पंख्याचा आवाज वाढला की कळतं.

लिनक्स-युनिक्सकडे हीच कल्पना आणखी उघडपणे दिसते. तिथली एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली. तिच्यात फुली प्रोग्रॅमची नसतेच, चौकट काढणाऱ्या विंडो मॅनेजरची असते. प्रोग्रॅमने आधीच 'मला बंद करायचं झालं तर आधी सांगा' अशी नोंद केलेली असेल, तर विंडो मॅनेजर त्याला 'डब्ल्यूएम डिलीट विंडो' असा निरोप पाठवतो. नोंद केलेली नसेल तर थेट प्रोग्रॅमचं एक्सशी असलेलं कनेक्शन तोडू शकतो, आणि प्रोग्रॅम मधल्या वाक्यावर मरतो. थोडक्यात, विचारून बंद होण्याचा हक्क मागून घ्यावा लागतो. आजची टूलकिट ही नोंद आपल्या वतीने करतात, म्हणून बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो.

शेवटची विंडो कोणती?

एकाच विंडोचा प्रोग्रॅम असेल तर वरचं सगळं पुरतं. खरी गंमत चार-पाच विंडो असल्या की सुरू होते. प्रोग्रॅम कधी संपला म्हणायचं: मुख्य विंडो गेली की, की सगळ्या गेल्या की? याचं एकच उत्तर नाही आणि प्रत्येक टूलकिटने आपापलं ठरवून ठेवलंय.

क्यूटी या टूलकिटचा नेम असा की दिसणारी शेवटची विंडो बंद झाली की प्रोग्रॅम संपतो. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या टूलकिटमध्येही मूळ नियम शेवटच्या विंडोचाच आहे, पण तिथे विंडो तयार केल्याबरोबर यादीत जाते, दाखवली नसली तरी. 'नंतर लागेल' म्हणून एखादी विंडो आधीच बनवून ठेवली आणि ती कधी दाखवलीच नाही, तरी ती यादीत जिवंत आणि प्रोग्रॅमही जिवंत. जावाच्या स्विंग टूलकिटमध्ये 'जेफ्रेम'ची, म्हणजे साध्या विंडोची, फुली दाबली की मूळ वर्तन काय, तर विंडो लपवणे! बंद करणे नाही. म्हणून स्विंगच्या धड्यात 'एक्झिट ऑन क्लोज' ही ओळ पहिल्याच दिवशी शिकवतात. ती ओळ मात्र दुसऱ्या टोकाला जाते: कुठल्याही एका विंडोवर ती असली की त्या विंडोबरोबर अख्खा प्रोग्रॅम जातो, शेजारच्या विंडोत अर्धवट लिहिलेलं काही असलं तरी. अनेक विंडोंच्या प्रोग्रॅममध्ये मी 'डिस्पोज ऑन क्लोज' वापरतो, म्हणजे फुली दाबलेली विंडो तेवढी मोडते. शेवटची विंडो मोडली आणि दुसरं काही चालू नसलं की जावा आपणहून बंद होते.

मॅकवर तर शेवटची विंडो गेली तरी प्रोग्रॅम चालूच राहतो, मेनू बारसकट. तिथल्या लोकांना तेच बरोबर वाटतं. विंडो बंद करणं वेगळं आणि 'क्विट' करणं वेगळं. म्हणून विंडोज, लिनक्स आणि मॅक अशा तिन्ही ठिकाणी चालणारा प्रोग्रॅम लिहिताना 'सगळ्या विंडो गेल्या' या घटनेवर मॅकसाठी कोडची वेगळी फांदी ठेवावी लागते. वेबच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवू देणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जवळपास प्रत्येक नमुना प्रोग्रॅममध्ये ती दिसते.

आधी विचारा, मग मोडा

आता मुद्द्याचं. समजा चार विंडो उघड्या आहेत, तीन मजकुराच्या आणि एक शोधाची. वापरणाऱ्याने मेनूतून 'बाहेर पडा' निवडलं. सरळ सुचणारा उपाय म्हणजे एकेक विंडो घ्या आणि तिला बंद व्हायला सांगा. पहिली म्हणते, बदल सेव्ह करू का? 'हो'. ती सेव्ह होते आणि जाते. दुसरीत बदल नव्हते, तीही जाते. तिसरी पुन्हा विचारते आणि इथे वापरणाऱ्याला आठवतं, अरे, दुसऱ्या विंडोतला तो परिच्छेद बघायचा राहिलाच! तो 'रद्द करा' दाबतो. 'रद्द' म्हणजे त्याच्या मनात काय? सगळं होतं तसं राहू दे. स्क्रीनवर काय? दोन विंडो गेलेल्या, दोन उरलेल्या. प्रोग्रॅम अर्धा मेलेला.

क्यूटीचं 'क्लोज ऑल विंडोज' असंच वागतं: एकीने नकार दिला की तिथेच थांबतं, आधी गेलेल्या मात्र परत येत नाहीत. ज्या प्रोग्रॅममध्ये विंडो एकमेकींवर अवलंबून नसतात तिथे हे चालून जातं. पण मला विचाराल तर काम दोन फेऱ्यांत करावं. पहिल्या फेरीत प्रत्येक विंडोला फक्त विचारायचं: तुझ्यात न सेव्ह केलेलं काही आहे का, आणि वापरणाऱ्याने त्याचं काय करायचं ठरवलं? या फेरीत कोणालाही मोडायचं नाही. एकाही ठिकाणी 'रद्द' आलं तर तिथूनच मागे फिरायचं, काहीच बिघडलेलं नसतं. सगळ्यांकडून होकार आला तरच दुसरी फेरी, आणि तिच्यात पुन्हा प्रश्न नाहीत, नुसतं मोडणं. विंडोज फॉर्म्सचं 'ॲप्लिकेशन एक्झिट' आतून याच क्रमाने चालतं: आधी सगळ्या फॉर्मना 'बंद होतोय' ही घटना कळवतं, कोणी अडवलं तर गप्प बसतं, नाहीतर मग सगळ्यांना बंद करतं.

आणि प्रश्नही पुन्हा पुन्हा कशाला? तीन फाइलींत बदल असतील तर तिन्हींची नावं असलेला एकच डायलॉग दाखवावा, कोणत्या सेव्ह करायच्या त्यावर खुणा करू द्याव्यात. एकामागून एक तीन सारखेच डायलॉग आले की माणूस दुसऱ्यानंतर वाचायचं सोडून देतो आणि तिसऱ्यावर हात चुकतो.

इथे एक लपलेला खड्डा आहे. विंडोजमध्ये एका विंडोला दुसरीची मालकीण करता येतं. मालकीण मोडली की तिच्या मालकीच्या सगळ्या विंडो आपोआप मोडल्या जातात. सोयीचं वाटतं. पण आपोआप मोडताना त्यांना 'क्लोज'चा मेसेज येतच नाही, थेट 'डिस्ट्रॉय' येतो. 'सेव्ह करू का?' हा प्रश्न तुम्ही क्लोजमध्ये लिहिला असेल तर तो कधी विचारलाच जात नाही आणि त्या विंडोतला मजकूर निमूट जातो. पायथनच्या टीके इंटर या टूलकिटमध्येही तसंच: मूळ विंडोवर 'डिस्ट्रॉय' चालवलं की तिच्या पोटातल्या सगळ्या जातात, त्यांना बंद होताना चालवायला दिलेलं फंक्शन न चालताच. विचारण्याची जबाबदारी म्हणूनच प्रत्येक विंडोवर सोडू नये, ती मध्यवर्ती एका ठिकाणी असावी.

यादीच पायाखालून सरकते

दुसरी फेरी लिहिताना हमखास होणारी चूक. उघड्या विंडोंची यादी आहे, तिच्यावरून फिरायचं आणि प्रत्येकीला बंद करायचं. चार विंडो, क्रमांक शून्य ते तीन. शून्यावरची बंद केली. ती बंद झाल्याबरोबर यादीतून निघून गेली आणि बाकीच्या एकेक घर पुढे सरकल्या. जी एकवर होती ती आता शून्यावर. आपण मात्र पुढच्या घराकडे, एककडे गेलो. तिथे आता मुळातली दोन क्रमांकाची बसलीय. ती बंद केली, यादी पुन्हा सरकली, आपण दोनच्या घरात गेलो तर यादीच संपलेली. एक आणि तीन क्रमांकाच्या विंडो स्क्रीनवर तशाच.

डॉटनेटमध्ये यादीवरून 'फॉर ईच'ने फिरलात तर बहुधा लगेच एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, येतं, जे एका अर्थी बरंच. चूक तोंडावर कळते. पायथनची साधी यादी असेल तर काही न बोलता एकआड एक विंडो सुटत जातात. उपाय दोन: शेवटाकडून सुरुवातीकडे या, किंवा आधी यादीची प्रत काढा आणि प्रतीवरून फिरा. मी प्रत काढतो, पण तिच्यातही एक मेख आहे. एक विंडो बंद केल्यावर तिच्या मालकीच्या दोन जाऊ शकतात, आणि प्रतीत त्यांची नावं तशीच राहतात. म्हणून हात लावण्याआधी 'आहेस का अजून?' एवढं तपासायचं.

मागे राबणारे थ्रेड

विंडो गेल्या, लूप थांबला, तरी प्रोसेस जात नाही. अशा वेळी संशयित जवळजवळ नेहमी एकच असतो, पार्श्वभूमीवर चालणारा थ्रेड. फाइली उतरवणारा, डेटाबेसला दर काही सेकंदांनी विचारणारा, मोठा हिशेब करणारा. सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमचं मुख्य फंक्शन संपलं की बाकीचे थ्रेड जिथे असतील तिथे कापले जातात. जावा, डॉटनेट आणि पायथनमध्ये तसं नाही. तिथे साधा थ्रेड चालू असेपर्यंत प्रोसेस थांबून राहते. थ्रेडवर 'डीमन' किंवा 'बॅकग्राउंड' असा शिक्का मारला तर त्याच्यासाठी कोणी थांबत नाही.

म्हणून पुष्कळ जण सगळ्या थ्रेडवर तो शिक्का मारून मोकळे होतात. प्रोग्रॅम झटकन बंद होतो खरा, पण तो थ्रेड नेमका फाइल लिहीत असला तर फाइल अर्धी राहते, आणि पुढच्या वेळी ती उघडत नाही. रोग बरा झाला नाही, फक्त दुसऱ्या दिवसावर गेला. नुसतं वाचणाऱ्या, विचारणाऱ्या थ्रेडला शिक्का ठीक. लिहिणाऱ्याला मात्र थांब म्हणून सांगायचं आणि त्याची वाट बघायची.

वाट बघण्यातही सापळा आहे आणि मी त्यात अडकलोय. विंडो बंद होताना मी मुख्य थ्रेडला सांगितलं, हिशेब करणारा थ्रेड संपेपर्यंत थांब. तो थ्रेड संपण्याआधी शेवटचं वाक्य स्क्रीनवर लिहिणार होता, 'काम थांबवलं' असं. स्क्रीनवर लिहायचं तर ते फक्त मुख्य थ्रेडच करू शकतो, म्हणून त्याने मुख्य थ्रेडला निरोप धाडला आणि उत्तरासाठी थांबला. मुख्य थ्रेड त्याच्यासाठी थांबलेला, तो मुख्य थ्रेडसाठी. दोघंही सभ्य, दोघंही कायमचे. थोड्या वेळाने विंडो फिकट पडली आणि मथळ्यात 'प्रतिसाद देत नाही' असं आलं. मेसेज उचलले जात नाहीत असं ५ सेकंद दिसलं की विंडोज हे करते.

यातून सुटायची रीत अशी. पहिल्यांदा फुली दाबली की बंद होणं आपणच अडवायचं, विंडोतली बटणं मंद करायची, 'बंद होत आहे' असं दाखवायचं आणि थ्रेडला थांबायचा इशारा द्यायचा. लूप चालूच ठेवायचा. थ्रेड संपला की तो मुख्य थ्रेडला कळवेल, आणि त्या क्षणी विंडोला पुन्हा बंद हो म्हणायचं. या वेळी अडवायचं नाही. म्हणजे विंडो दोनदा बंद होते, पहिल्यांदा नावापुरती.

उलट बाजूची चूकही असते. विंडो मोडून झाली आणि थ्रेडचा किंवा टायमरचा निरोप त्यानंतर पोहोचला. ज्या लेबलवर लिहायचं तेच उरलेलं नाही. डॉटनेटमध्ये 'वस्तू आधीच मोडली आहे' असं एक्सेप्शन येतं, क्यूटीमध्ये चालू थ्रेडची वस्तूच मोडली तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो. बंद होतानाच कोसळलेला प्रोग्रॅम वापरणाऱ्याला फारसा त्रास देत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. मात्र सेटिंग सेव्ह करणारा कोड त्यानंतर येणार असेल तर तो कधी चालतच नाही. टायमर आधी थांबवा, थ्रेड मग, विंडो सगळ्यात शेवटी.

कॉम्प्युटरच बंद होतोय

फुली न दाबताही विंडो बंद व्हायची वेळ येते. कोणी कॉम्प्युटर बंद केला की विंडोज प्रत्येक मुख्य विंडोला 'सेशन संपवू का?' असा वेगळा मेसेज पाठवते आणि मग 'संपवतोय' असा दुसरा. क्लोजचा मेसेज या वाटेत नसतो. उत्तर द्यायला साधारण ५ सेकंद मिळतात, आणि त्यात डायलॉग दाखवून माणसाची वाट बघणं म्हणजे हरलेली पैज. खरंच अडवायची गरज असेल, एखादी सीडी लिहिली जात असेल वगैरे, तर विंडोज विस्टापासून कारण नोंदवायची सोय आहे आणि सिस्टिमच ते कारण वापरणाऱ्याला दाखवते. एरवी मजकुराची तात्पुरती प्रत कुठेतरी ठेवायची, निमूट निघायचं आणि पुढच्या वेळी ती परत समोर आणायची. मॅकवर प्रोग्रॅमला तीन उत्तरं देता येतात: आत्ता संपव, नको, किंवा जरा थांब, मी सांगतो. हे तिसरं उत्तर मला फार आवडतं. वरच्या थ्रेडच्या भानगडीसाठी अगदी नेमकं.

लिनक्समध्ये प्रोसेसला १५ क्रमांकाचा सिग्नल येतो, तो पकडून आवराआवर करता येते. ९ क्रमांकाचा आला तर काहीच करता येत नाही, तो पकडताच येत नाही. वीज गेली तरी तेच. त्यामुळे सेव्ह करणारा कोड 'बंद होताना' वर विसंबलेला नसावा: मजकूर आधी वेगळ्या फाइलीत पूर्ण लिहायचा आणि मग नाव बदलून मूळ फाइलीच्या जागी ठेवायचा. मध्येच काहीही झालं तरी जुनी किंवा नवी, एक तरी फाइल धड राहते.

काही किरकोळ गोष्टी. घड्याळाजवळ आयकॉन ठेवला असेल तर जाताना तो काढायला सांगा, नाहीतर माऊस त्याच्यावर नेईपर्यंत तो तिथेच दिसत राहतो. विंडोची जागा लक्षात ठेवत असाल तर ती मिनिमाइझ केलेली नाही ना ते पाहा. विंडोजवर मिनिमाइझ केलेल्या विंडोची जागा उणे ३२००० अशी येते. ती सेव्ह झाली की पुढच्या वेळी विंडो स्क्रीनच्या बाहेर कुठेतरी उघडते आणि 'प्रोग्रॅम चालूच होत नाही' अशी तक्रार येते. विंडोज फॉर्म्समध्ये डायलॉग म्हणून दाखवलेली विंडो बंद केली तरी फक्त लपते, तिला स्वतः मोडावं लागतं.

तपासायला मी प्रोग्रॅम टर्मिनलवरून चालवतो. सगळ्या प्रकारच्या विंडो उघडतो, एकीत काहीतरी टाइप करतो, एक लांबलचक काम सुरू करतो आणि एखादा डायलॉग मुद्दाम उघडा ठेवतो. मग टास्कबारवर उजवं क्लिक करून बंद करतो, कारण डायलॉग उघडा असताना मुख्य विंडोच्या फुलीवर क्लिक करता येत नाही पण तिथून बंद करण्याचा निरोप जाऊ शकतो, आणि ही वाट फारच थोडे जण तपासतात. एकदा 'रद्द' करतो आणि विंडो मोजतो. मग खरंच बंद करतो आणि टर्मिनलचा प्रॉम्प्ट परत येतो का ते बघतो. न आल्यास कोणता थ्रेड अजून जागा आहे ते डीबगर दाखवतो. तेवढ्यासाठी मी प्रत्येक थ्रेडला तयार करतानाच नाव देऊन ठेवतो.